नात्याचा रकाना

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासणाऱ्या बाईला सगळे धाकटी म्हणत. वय एकोणसाठ, केस निम्मे पिकलेले, आणि तरी धाकटीच. तिच्याबरोबर राहणारी थोरली तिच्याहून अकरा महिन्यांनी मोठी होती, एवढंच कारण. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत दोघी सत्तावीस वर्षं राहिल्या. जिन्यातल्या लोकांनी त्यांना बहिणी ठरवून टाकलं होतं आणि दोघींनीही कधी कुणाचं म्हणणं खोडून काढलं नाही. "सांगत बसायला वेळ कुणाला आहे?" थोरली म्हणायची. "बहिणी म्हटलं की पुढचे प्रश्न वाचतात."

खरं तर दोघी एका कामगार वसतिगृहात भेटल्या होत्या. तिथल्या कोंदट खोलीला कंटाळून दोघींनी मिळून भाड्यानं जागा घेतली, आणि मग ती सोडायचं कारणच पडलं नाही. थोरली मोठ्या धुलाई कारखान्यात चादरींच्या इस्त्रीवर होती. बडबडी, फटकळ, चहात दोन चमचे साखर घालून वर "आज कमीच घातलीये" म्हणणारी. धाकटी दिवसभर काचेवर डोळे लावून बसणारी, मोजकं बोलणारी. घरात बोलायचं काम थोरलीचं, ऐकायचं धाकटीचं.

एका मंगळवारी सकाळी कारखान्यात वाफेची नळी फुटली. थोरली तिच्या अगदी शेजारी उभी होती. दुकानात फोन आला तेव्हा धाकटीच्या हातात अर्धवट घासलेली काच होती. ती दवाखान्यात पोचली, पण तोवर सगळं संपलं होतं. काउंटरवरच्या माणसानं फॉर्म पुढे सरकवला. नाव, वय, पत्ता तिनं भराभर लिहिलं. मग "मृताशी नातं" असा रकाना आला आणि पेन तिथंच थांबलं. मागची रांग चुळबुळ करायला लागली. शेवटी तिनं लिहिलं, "एकत्र राहणारी".

अंत्यविधी तिनंच केला. पाचव्या दिवशी कारखान्याचा कामगार अधिकारी घरी आला. फाइल मांडीवर ठेवून खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, झालं ते फार वाईट झालं. मालकांनी तुमच्यासाठी काही रक्कम पाठवलीये. इथं फक्त सही करा. बहीण म्हणून."

धाकटीनं कागद डोळ्यांजवळ नेला. बारीक अक्षर वाचायची तिला सवयच होती. खाली लिहिलं होतं, की अपघात कामगाराच्या स्वतःच्या चुकीनं झाला आणि यापुढे घरच्यांची काहीही मागणी राहणार नाही.

"मी बहीण नाही," ती म्हणाली.

"अहो, सगळे तर म्हणतात…"

"म्हणू देत. आणि तिची चूक नव्हती. ती नळी पंधरा दिवस गळत होती. रोज घरी येऊन त्याच नळीच्या नावानं बोटं मोडायची."

अधिकारी फाइल आवरून उठला. जिन्यात त्याची पावलं जरा घाईनंच वाजली.

शेजारच्या शिंप्यानं एका वकीलबाईंचा पत्ता दिला. दोन टेबलं आणि एक कुरकुरणारा पंखा, एवढंच त्यांचं ऑफिस. बाईंनी सगळं ऐकलं, आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "सही केली नाहीत, फार बरं केलंत."

मग त्यांनी सावकाश समजावलं. कुणाच्या हलगर्जीपणानं माणूस गेला, तर मागे राहिलेल्यांना भरपाईचा दावा लावता येतो. त्यासाठी सिद्ध करावं लागतं, की काळजी घेणं कारखान्याचं काम होतं, ती त्यांनी घेतली नाही, मृत्यू त्यामुळेच झाला, आणि मागच्यांचं त्यात नुकसान झालं. "आणि हे मुदतीत करावं लागतं. दुःखातून सावरेपर्यंत थांबू म्हटलं की मुदत निघून जाते. कायदा कुणासाठी थांबत नाही."

"मग लावा दावा."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "तुम्हाला लावता येणार नाही. नवरा, मुलं, आईवडील, ते नसतील तर भावंडं. काही देशांत एका घरात राहणाऱ्यांनाही धरतात. आपल्याकडे नाही. तिचं कुणी आहे?"

होता, एक धाकटा भाऊ. घराच्या वाटणीवरून भांडण झालं, त्याला सव्वीस वर्षं उलटली होती. थोरली त्याचं नाव काढायची नाही, पण त्याचा पत्ता मात्र दर वर्षी नव्या डायरीत उतरवून ठेवायची. धाकटीनं त्या पत्त्यावर चार ओळी लिहिल्या.

तो आला. दुसऱ्या गावात घरोघर फिरून पाण्याचे मीटर वाचणारा, खांदे पडलेला माणूस. वकीलबाईंच्या टेबलाशी बसला आणि पहिल्याच प्रश्नाला अडखळला. बहिणीची तब्येत कशी होती? ठाऊक नाही. पगार? ठाऊक नाही. घरी काय काय करायची? "मला तिचं काहीच माहीत नाही हो," तो म्हणाला.

धाकटीनं सांगायला सुरुवात केली. गुडघा कुठला दुखायचा, कुठल्या वारी जादा पाळी करायची, भाजीवाल्याशी कशावरून हुज्जत घालायची. वकीलबाई लिहीत होत्या. भाऊ ऐकत होता. एकदा मधेच तो हसला, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

दावा भावाच्या नावानं लागला. कारखान्याचं म्हणणं होतं, की नळी ठणठणीत होती, कुणाचीही तक्रार नव्हती. तक्रारवही म्हणे गहाळ झाली होती. इस्त्रीवरच्या इतर बायकांनी हात वर केले. त्यांनाही पोट होतं. धाकटी त्यांच्यावर रागावली नाही.

सुनावणीच्या आदल्या आठवड्यात तिनं थोरलीच्या जादा चष्म्याची डबी उघडली. ती काच तिनंच घासून दिली होती. पुसून ठेवावी, एवढंच मनात होतं. पुसायच्या फडक्याखाली घडी घातलेली चिठ्ठी निघाली. अर्ध्या दिवसाची रजा. कारण: वाफेच्या गळक्या नळीनं मनगट भाजलं. खाली सुपरवायझरची मंजुरीची सही. तारीख अपघाताच्या नऊ दिवस आधीची. त्या दिवशी मनगटाला मलम धाकटीनंच लावलं होतं. चिठ्ठीबद्दल मात्र एवढी बोलणारी बाई एक शब्द बोलली नव्हती.

कोर्टात कारखान्याच्या वकिलानं तिला विचारलं, "तुमचं मृताशी नातं काय?"

"एका घरात राहायचो."

"म्हणजे त्या मालकीण, तुम्ही भाडेकरू?"

"ती पण भाडेकरू, मी पण भाडेकरू. मालक खाली राहतो, नळ दुरुस्त करत नाही."

मागच्या बाकांवर हशा पिकला. वकील चिडला. "नात्यातली नाही, पैसे मिळणार नाहीत, मग तुम्ही इथं कशाला?"

"नळी गळत होती, हे सांगायला," धाकटी म्हणाली.

न्यायाधीशांनी चिठ्ठी दोनदा वाचली. सुपरवायझरला सही ओळखावी लागली.

निकाल भावाच्या बाजूनं लागला. रक्कम बेताचीच होती. तो बहिणीवर अवलंबून नव्हता, म्हणून फार मिळणार नाही हे वकीलबाईंनी आधीच सांगितलं होतं. पण दोष कारखान्याचा, हे कागदावर आलं, आणि सगळ्या नळ्या बदलायचा हुकूम निघाला. निकालपत्र बारा पानांचं होतं. धाकटीनं ते घरी बसून ओळ न् ओळ वाचलं. अकराव्या पानावर अंत्यविधीच्या खर्चाची पावती हजर करणारी एक "इतर व्यक्ती" होती. तो खर्च तिला परत द्यावा, असं लिहिलं होतं. ती व्यक्ती म्हणजे आपण, हे समजायला तिला एक क्षण लागला.

भाऊ रविवारी आला. निम्मी रक्कम घ्या म्हणून हट्ट धरून बसला. तिनं घेतली नाही. "मग मला काहीतरी करू द्या," तो म्हणाला.

"बसा थोडा वेळ. एवढंच करा."

तो बसला. तिनं चहा केला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "माझ्याबद्दल कधी काही बोलायची?"

धाकटीला खोटं सांगता आलं असतं. "नाही," ती म्हणाली. "पण तुमचा पत्ता दर वर्षी नव्या डायरीत लिहायची."

त्यानं कप खाली ठेवला. बस चुकेल म्हणून उठला. जिन्यात वळून म्हणाला, "ताई, येत जाईन." एकदा आला, मग दोनदा फोन केला. पुढे त्याच्या मुलीचं लग्न निघालं, बदली झाली. धाकटीनं त्याला दोष दिला नाही.

दोन खोल्यांचं भाडं एकटीला झेपेना. दुकानाच्या वरच एक खोली रिकामी झाली, तिथं ती राहायला गेली. तिथल्या शेजाऱ्यांना ती नवीन होती. कुणी काही ठरवलेलं नव्हतं, कुणी काही विचारलंही नाही. सकाळी खाली उतरायचं, काचा घासायच्या, संध्याकाळी वर यायचं. दिवसभर एक शब्दही न बोलता झोपायची वेळ झाली, हे पहिल्यांदा तिच्या लक्षात आलं त्या दिवशी ती खिडकीशी गेली आणि खाली शटर ओढणाऱ्या दुकानदाराला तिनं उगाचच मोठ्यानं विचारलं, "काय हो, आज लवकर?"

"नाही तर, रोजचीच वेळ," तो वर बघून म्हणाला.

"असं होय," ती म्हणाली, आणि तो रस्ता ओलांडून दिसेनासा होईपर्यंत तिथंच उभी राहिली.