लाल पिशवीतली सुई

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. आज तुम्हाला का सांगतोय — कोण जाणे.

भिवंडीजवळच्या आमच्या रुग्णालयात मी डॉक्टरकीच्या मुलांना शिकवतो. निसर्गावर भार न टाकता रुग्णसेवा कशी करायची, हा माझा विषय. ग्लोव्ह्ज गरजेपुरतेच वापरा, कचरा वेगळा करा, लाल पिशवीत फक्त पुन्हा कामी येणारं प्लास्टिक — सुई कधीच नाही. पिशवीवर ड्युटीवरच्या विद्यार्थ्याचं नाव हवं, हा नियमही माझाच.

टेमघरची रेश्मा, यंत्रमाग कामगाराची मुलगी, माझ्याच वर्गात होती. एकदा पाहुण्यांसमोर मी तावातावाने बोलत असताना ती उठली. म्हणाली, सर, सकाळी तुम्हीच ग्लोव्ह्ज साध्या कचऱ्यात टाकलेत. खरं होतं. वर्ग हसला. मीही हसलो — दातओठ खात. कालची पोर मला शिकवणार?

आठवडाभर मी दबा धरून होतो. मग तिच्या ड्युटीला, वॉर्डच्या त्या कोपऱ्यात कुणी नसताना, एक वापरलेली सुई तिच्या नावाच्या लाल पिशवीत सोडली. दुपारच्या तपासणीत मीच ती चिमट्याने उचलून सगळ्यांना दाखवणार होतो. तिचं नाक कापायचं होतं, बस्स. एवढंच — एवढंच म्हणतोय मी!

तपासणीआधीच सफाईच्या वनितामावशींनी पिशवी उचलली. दिघाशीहून यायच्या त्या.

बोटातून रक्त आलं. रेश्मा आधी म्हणत राहिली, मी सुई टाकली नाही. मग पिशवीवरचं स्वतःचं नाव पाहिलं, आणि आपल्याच हातून चूक झाली असेल म्हणत मावशींचे पाय धरून रडली. मावशीच तिला समजावत होत्या, "रडू नको गं पोरी. मना काय झाला न्हाय." मी तिथेच उभा होतो. एक वाक्य पुरलं असतं. बोललो का? उलट अहवालात रेश्माचं नाव लिहून सही ठोकली.

एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून मावशींनी महिनाभर गोळ्या घेतल्या, उलट्या सोसल्या. शेवटची रक्ततपासणी होईपर्यंत भीतीने नातवाला जवळ घेतलं नाही. रिपोर्ट चांगला आला, पण त्या कामावर परतल्या नाहीत.

रेश्मा आता आमच्याकडेच शिकवते, माझाच विषय. दरवर्षी पहिल्या तासाला नव्या मुलांना सांगते, माझ्या निष्काळजीपणामुळे एका बाईला सुई लागली. त्या तासाला ती मला आग्रहाने बोलावते. मी पहिल्या बाकावर बसतो. सांगताना तिची मान खाली जाते, आणि मला — अजूनही — बरं वाटतं.