ताईनं बैठक मानली नाही

आपण पाकिस्तानचं विमान पाडलं म्हणून त्यांनी आपल्याला जगाच्या कोर्टात खेचलं, तेव्हा आपल्या सरकारनं सरळ सांगितलं की या कोर्टाला आमचा खटला चालवायचा अधिकारच नाही. कोर्टानंही ते मानलं. बातमी वाचून वडील जाम खूश! कसबा बावड्यातल्या आमच्या दारात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होते, “आमचं भांडान आमी बघतो की! तिऱ्हाइतानं मधी नाक कशाला खुपसायचं?” मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकत होते. मलाही ते पटलं.

त्याच आठवड्यात उचगावला मामांकडं ताईची बैठक होती. नवरा मारतो म्हणून ती गडहिंग्लजहून माहेरी निघून आली होती, पण सासरच्यांनी तिची तीन वर्षांची लेक ठेवून घेतली होती. ताईला लेक हवी होती, बस्स. दोन्हीकडची जाणती माणसं सतरंजीवर बसली, चहा झाला आणि ठरलं: झालं गेलं विसरायचं, ताईनं नांदायला जायचं. वडिलांनीही मान हलवली. असा राग आला मला त्यांचा!

तेवढ्यात ताई आतून बाहेर आली. “मला कुणी इचारलंय का? ही बैठक मी मानत न्हाय. माझा न्याय करायचा तुमास्नी अधिकारच न्हाय.”

वडील आ वासून बघतच राहिले. मी मनात म्हटलं, शाब्बास गं बाई!

मंडळी न जेवताच उठली. आता वडील खवळणार, असं वाटलं होतं. पण दुसऱ्या दिवशी ते एसटी धरून नातीला आणायला गडहिंग्लजला गेले आणि रिकाम्या हातानं परतले. व्याही म्हणाले होते, “पावणं, बैठक तुमच्याच पोरीनं मोडली न्हवं? मग आता आमीबी कुणाचं ऐकत न्हाय.”

माझं डोकंच चालेना. ताई चुकली म्हणावं, तर तिला मार खायला धाडायचं का? बरोबर म्हणावं, तर पोर मागायची कुणाकडं? देशाचं काही अडलं नव्हतं, ताईचं मात्र काळीज तिकडं अडकलं होतं. वडिलांना विचारलं, तर म्हणाले, “मलाबी कळंना झालंय, बाळ.”

मग वकील गाठला. तारखांवर तारखा पडत गेल्या. कोर्टानं लेक ताईला दिली, तेव्हा पोर शाळेत जायला लागली होती. कोर्टाच्या व्हरांड्यात ताईनं हात पुढं केला, तर पोरगी आजीच्या पदराआड लपली. “आज्जी, ही कोण हाय?”

ताईनं पुढं केलेला हात मागं घेतला. शेवटी तिच्या सासूनंच सांगितलं, “आई हाय तुजी. जा.”