उष्टावणाआधीचा बटाटा

माझ्या मुलीला सातवा महिना लागला तरी ती फक्त अंगावरच पीत होती. आमच्याकडे उष्टावणाची खीर मामाने भरवल्याशिवाय लेकराच्या तोंडाला अन्न लावत नाहीत. माझा भाऊ खामगावला जिनिंगमध्ये कामाला. कापसाचा हंगाम होता, त्याला सुट्टी मिळत नव्हती.

अंगणवाडीत वजन केलं तर मागच्या महिन्यापेक्षा कमी भरलं. बाई म्हणाल्या, "दुधावर भागत नाही आता. घरचंच काही मऊ शिजवून, कुस्करून चारा." मी मान हलवली. पण सासूबाईंना सांगता आलं नाही. त्यांच्यासमोर माझा आवाजच निघत नसे. अंघोळ घालताना तिच्या बरगड्या हाताला लागायच्या.

मग मला वाटलं, बटाटा उपासाला चालतो, म्हणजे तो काही अन्न नाही. सासूबाई अंगणात तूर पाखडत होत्या. मी चुलीपाशी एक बटाटा उकडला आणि वाटीत कुस्करला. पातळ करायचं ठाऊक नव्हतं. बोटभर तिच्या जिभेवर ठेवला. तो टाळूला चिकटून आत सरकला. तिचे डोळे मोठे झाले, तोंड उघडलं, पण आवाज नाही. चेहरा लाल, मग काळपट.

माझी किंकाळी ऐकून सासूबाई धावत आल्या. लेकरू हिसकावलं, हातावर पालथं घेतलं, पाठीवर थापट्या मारल्या. गोळा खाली पडला आणि ती रडली.

"काय घातलं वो इच्या तोंडात?"

"बटाटा. उपासाले चालते म्हणून."

"तं उपास तू धर! लेकराले काऊन?"

"इचं वजन कमी भरलं, आई. सोमवारी."

"अन् आता सांगून राह्यली? तोंड नव्हतं का तुले?"

त्यांनी तिचे दंड चाचपून पाहिले. उरलेल्या बटाट्यात कोमट पाणी घालून बोटाने घोटला, ताकासारखा पातळ केला.

"खीर मामा घालीन. हे तू घाल."

"माह्या हातानं नाही, आई. तुम्हीच घाला."

"मी काय रोज घरी राहीन? घाल."

चमच्याच्या टोकाला लागेल एवढंच मी घेतलं. तिने ओठ मिटले, मग चाटलं. गिळलं की नाही कळेना, म्हणून तिच्या गळ्याला बोट लावून बसले. गळा हलला. तिने पुन्हा तोंड उघडलं. मला दुसरा चमचा भरायचा धीर होईना, आणि ती वाटीकडे हात करून रडायला लागली.