तेक्लाच्या बोडक्या मानेच्या कोंबड्या

तेक्ला ब्राकामोन्ते ज्या बाईवर चिडते तिचं नाव कोंबडीला देते. समोरासमोर भांडायचं नाही, पाठीमागे चहाड्या करायच्या नाहीत. सरळ एक कोंबडी धरायची, तिच्या डोक्यावर दोन थेंब पाणी शिंपडायचं आणि नाव ठेवून मोकळं व्हायचं. मग रोज सकाळी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू: "एर्मिनिया, मेले, कामाची ना धामाची, नुसती खायला काळ!" खरी एर्मिनिया बेकरी चालवते आणि तिनं एकदा तेक्लाला शिळा पाव दिला होता. पुढे कोंबडी एर्मिनिया रश्श्यात गेली, तेव्हा तेक्लानं खऱ्या एर्मिनियाला जेवायला बोलावलं. ती आली आणि तिनं दोनदा वाढून घेतलं.

मी ओबदुलिया, तेक्लाची शेजारीण. ती माझ्या थोरलीची धर्ममाता, म्हणून आम्ही एकमेकींच्या कोमाद्रे. हे नातं चर्चमध्ये देवासमोर जुळतं, ते सहजासहजी तुटत नाही. पण मागच्या वसंतात तिच्या अंगणात ओबदुलिया नावाची एक कोंबडी फिरत होती आणि माझा जीव नुसता जळत होता.

तिच्या कोंबड्या साध्या नव्हेत. त्यांच्या मानेवर एकही पीस नसतं. लाल, सुरकुतलेली, बोडकी मान. नवा माणूस बघतो तेव्हा त्याला वाटतं, कुणीतरी सोलायला घेतली आणि मध्येच फोन आला. पण आमच्या उन्हात याच कोंबड्या टिकतात. मान उघडी, वारा लागतो. तेक्लाची आई सीमेपलीकडच्या सोनोराहून इकडे आली तेव्हा शालीखाली असलीच एक कोंबडी घेऊन आली होती, आणि तेव्हापासून तीच जात या अंगणात आहे. आईचा एकही फोटो तेक्लाकडे नाही. कोंबड्या आहेत.

अंगणाला ओकोतीयोच्या काटेरी काठ्यांचं कुंपण आहे. ते फक्त माणसांना अडवतं, बाकी सगळे येतात. कोल्हे येतात, रानमांजर येतं, ससाणे टपलेले असतात, रानडुकरांचं एक कुटुंब संध्याकाळी कलिंगडाच्या साली खायला येतं आणि साली नसल्या तर नाराज होतं. तेक्लाच्या नवऱ्याची बंदूक अजून भिंतीवर आहे, तिच्यावर ती कांद्याच्या माळा वाळवते. जनावरांना मारणं तिला पटत नाही, ती त्यांना समजावते, आणि तेही अहो-जाहो करून. कोंबड्यांना अगं-तुगं, कोल्ह्याला मात्र, "आज लवकर निघालात? घरी सगळे बरे ना? मग तिकडेच जा बघू." ज्याच्याशी वैर त्याच्याशी अदबीनं वागायचं, हा तिचा नियम.

मार्चमध्ये त्या रानमांजरानं एका आठवड्यात चार कोंबड्या नेल्या. तेक्ला रडवेली होऊन पिसं गोळा करत होती. मी आपलं धीर द्यायला म्हटलं, "जाऊ दे ना गं. ही अर्धी सोललेली जात संपली तर संपली. दुकानात चांगली पिसंबिसं असलेली पिल्लं मिळतात." ती पिसं उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपणापलीकडून आवाज आला, "ओबदुलिया, ढुंगण हलव!" आणि रस्त्यात भेटली तेव्हा मला म्हणाली, "कशा आहात आपण?"

झालं. कोल्ह्याच्या रांगेत जाऊन बसले मी. मीही काही कमी नाही. म्हटलं, बोलायचं तर तिनं बोलावं.

एप्रिलमध्ये ससाण्यानं तिचा एकुलता एक कोंबडा उचलला. उरली फक्त म्हातारी ओबदुलिया. तिनंही अंडी घालणं जवळजवळ सोडलंच होतं, पण कोंबडा जायच्या आधी घातलेली तेवढी अंडी पोटाखाली घेऊन ती खुडूक झाली. त्या अंड्यांतून पिल्लं निघाली तर जात राहणार, नाहीतर आईची शालीखालची कोंबडी इथंच संपणार. हे तेक्लाला कळत होतं, गल्लीला कळत होतं, आणि कुणी विचारलं नाही तरी मलाही कळत होतं. तेक्लानं खुराड्याशेजारी खुर्चीच टाकली. तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. एका रानडुकराला अदबीनं सांगूनही ते हलेना, म्हणून तिनं लाथ उगारली. डुक्कर बाजूला झालं आणि लाथ पाण्याच्या टाकीला बसली.

आमच्यात बोलणं बंद, म्हणून निरोप्याचं काम एर्लिंग मास्तरांकडे आलं. ते पलीकडच्या घरात राहतात. मिनेसोटाच्या बर्फात तीस वर्षं शाळेत स्पॅनिश शिकवून ते इथं ऊन खायला आले. येताना बर्फ ओढायचं ॲल्युमिनियमचं रुंद फावडं घेऊन आले. का, ते त्यांनाही सांगता येत नाही. माणूस सरळ आहे आणि स्पॅनिशही शुद्ध बोलतात, आमच्यापेक्षा शुद्ध. अडचण तिथंच झाली.

आमच्याकडे विंचवाला 'आलाक्रान' म्हणतात. 'एस्कोर्पियोन' म्हणजे वेगळंच प्रकरण. हातभर लांबीचा, काळ्या-गुलाबी मण्यांच्या कातडीचा, घोरपडीसारखा जाडा सरडा. विषारी असतो आणि अंडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. त्याला मागचं दार नसतं असं आमच्यात लहानपणापासून सांगतात. खाल्लेलं सगळं आत कुजतं, म्हणून त्याचा नुसता श्वास लागला तरी माणूस आडवा होतो. खरं-खोटं कुणी तपासलेलं नाही, कारण तिथं वाकून बघणार कोण?

पुस्तकात मात्र एस्कोर्पियोन म्हणजे विंचू. मास्तर नवे होते तेव्हा त्यांच्या बुटात विंचू निघाला आणि ते "एस्कोर्पियोन! एस्कोर्पियोन!" असं ओरडत रस्त्यावर आले. आम्ही सगळे कुदळी, बादल्या, पवित्र पाणी घेऊन धावलो, तर बुटात बोटभर विंचू. हसून हसून आमची पोटं दुखली. मास्तरांनी ते मनाला लावून घेतलं. या गावात विंचवाला आलाक्रान म्हणायचं, हे त्यांनी पक्कं केलं.

मेमधल्या त्या सकाळी मी तोर्तिया थापत होते. मास्तर दारात आले. "तेक्लाबाईंनी निरोप दिलाय. ओबदुलियाच्या खुराड्यात..." इथं ते थांबले आणि मोठ्या समंजसपणे म्हणाले, "...आलाक्रान शिरलाय."

"मग?" मी म्हटलं. "ओबदुलियाला म्हणावं, नाश्ता कर." कोंबड्या विंचू आवडीनं खातात, लहान पोरालाही ठाऊक आहे.

मास्तर गेले. मी दुसरा गोळा घेतला. पलीकडे तेक्लाचा आवाज चढला. मास्तर परत आले, आता जरा धापा टाकत.

"त्या म्हणतात, तुमच्या काळजाच्या जागी दगड आहे."

"विंचवापायी?"

"आणि त्यानं दोन अंडी फोडून खाल्लीत म्हणतात."

"विंचवानं? अंडी?" मी हात पुसले. "मास्तर, त्यांना उन्हातून आत न्या. डोक्यावर ओला टॉवेल ठेवा."

"काळजी करू नका, मीच बघतो," मास्तर म्हणाले. "माझ्याकडे पद्धत आहे." आणि घरात जाऊन ते एक काचेचा पेला आणि एक पोस्टकार्ड घेऊन आले. विंचवावर पेला पालथा घालायचा, खालून कार्ड सरकवायचं, की झालं. मी खिडकीतून बघत होते. ते गुडघे टेकून खुराड्याच्या दारात ओणवे झाले, पेला पुढे धरला, डोकं आत घातलं आणि तसेच राहिले. बराच वेळ त्यांचं ढुंगणच तेवढं बाहेर होतं, आणि तेही हलत नव्हतं.

तेवढ्यात तेक्ला ओरडली. निरोप्याला नव्हे, मला. "अगं ओबदुलिये! आईची अंडी खातोय गं तो! ये ना गं!"

पीठ कुठं पडलं ते मला माहीत नाही. मी कुंपणाच्या फटीतून घुसले. परकराची चिंधी अजून त्या काट्यांवर आहे. आत पाहते तर एस्कोर्पियोन! गलेलठ्ठ, तोंडाला बलक माखलेला, घरट्यात आरामात बसलेला. म्हातारी ओबदुलिया केव्हाच मेस्कीटच्या झाडावर जाऊन बसली होती. मास्तर त्याच्यासमोर हातात पेला धरून, नाकाला नाक लावल्यासारखे.

"मास्तर, श्वास घेऊ नका!" तेक्ला किंचाळली.

मास्तरांनी श्वास रोखला. मीही रोखला. तेक्लानं तर गालच फुगवले. तिघांचे चेहरे वांग्याच्या रंगाचे झाले आणि तो प्राणी निवांत चौथं अंडं फोडत होता.

"फावडं!" मी नाक दाबून म्हटलं.

मास्तर रांगत मागे आले, पळत गेले आणि बर्फाचं फावडं घेऊन आले. इतक्या वर्षांत त्याला पहिल्यांदा काम मिळालं. मी झाडूनं ढकलला, त्यांनी फावडं खाली सरकवलं आणि तो आयता वर चढला. फुसफुस करत होता. मास्तरांनी मान मागे ताणली, डोळे बारीक केले, पण सोडला नाही त्यांनी. घाबरलेला माणूस इतका नीट काम करतो हे मी तेव्हाच पाहिलं. ओढ्याच्या कोरड्या पात्राकडे आम्ही चालत असताना, तेक्ला कुबड्या टेकत मागे, त्या प्राण्यानं शेपटी उचलली आणि मास्तरांच्या पांढऱ्या शर्टावर जे काही करायचं ते मनसोक्त केलं.

आम्ही दोघी थबकलो.

"दार आहे गं," तेक्ला म्हणाली.

"आहे खरं," मी म्हटलं आणि त्या सकाळी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. तेक्लानं लांबूनच हात जोडले. "या आता. आणि परत येऊ नका, मेहेरबानी होईल!" मास्तरांनी फावडं टेकवलं तसा तो एका झुडपाखाली गेला.

खुराड्यात तीन अंडी उरली होती. झाडावरची ओबदुलिया काही केल्या उतरेना. मका दाखवला, शिव्या दिल्या, विनवण्या केल्या. मास्तरांनी शुद्ध भाषेत विनंती केली. ती मान वळवून बसली. पिल्लं निघायला चारच दिवस उरले होते, आणि आमच्याकडे मे महिन्यात उघडी ठेवलेली अंडी उकडून निघतात. तेक्ला जमिनीवर बसली आणि हमसून रडायला लागली. तिच्या नवऱ्याच्या मयतीला मी तिच्या शेजारी उभी होते, तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मी म्हटलं, "रडतेस काय? आण इकडे."

"कुठं?"

मी पोलक्याचं वरचं बटण काढलं. मास्तर घाईघाईनं आकाशाकडे बघायला लागले.

तेक्लानं डोळे पुसले. आधी माझ्याकडे बघितलं, मग स्वतःकडे. ती काटकुळी, आणि मला देवानं हात सैल सोडून दिलेलं. "जागा तर आहे म्हणा तुझ्याकडे," ती म्हणाली. "एक ओबदुलिया उठली, दुसरी बसली." पण दोन अंडी तिनं स्वतःच्या पोलक्यात ठेवली आणि मला एकच दिलं. "तू झोपेत कूस बदलतेस," म्हणाली. भरवसा नाही तो नाहीच.

तोल सांभाळत आम्ही दोघी चालायचो, वाकायचो नाही, कुणाला मिठी मारायचो नाही. मी खुर्चीत बसून झोपले. बेकरीत एर्मिनियानं विचारलं, "तुम्हा दोघींना एकदम पाठदुखी?" तेक्ला रात्री-अपरात्री खिडकीशी येऊन विचारायची, "आहे ना?" मी म्हणायचे, "आहे गं बाई."

रविवारी पहाटे माझ्या अंड्यात टकटक सुरू झाली. तेक्लानं कान लावला. मग स्वतःच्या दोन्ही अंड्यांना हात लावून बघितला. ती दोन्ही अंडी थंड नव्हती, पण आत काही हलतही नव्हतं. "मिस्साला जाऊ या," एवढंच ती म्हणाली. "आज तरी जायलाच हवं."

चर्च भरलेलं होतं. मी दोन्ही हात छातीवर धरून बसले होते, लोकांना वाटलं भक्ती आली. टरफलाचे तुकडे टोचत होते, काहीतरी ओलं वळवळत होतं. फादरनी पवित्र रोटी वर उचलली, सगळं चर्च गुडघ्यांवर, टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता, आणि माझ्या पोलक्यातून आवाज आला: "चिऊप."

फादरचे हात वरच राहिले. पुढच्या रांगेतली माणसं वळली. माझ्या कानशिलांना आग लागली, मी मान खाली घातली.

तेक्लानं माझा दंड असा आवळला की हाड मोडतं की काय. "मान!" ती कुजबुजली. ते कुजबुजणं पार दारापर्यंत ऐकू गेलं. "आधी मान बघ!"

मी पोलक्याचा गळा ओढला आणि भर चर्चमध्ये आत डोकावले. ओलंचिंब, चिमूटभर, डोळे मिटलेलं. डोक्यावर पिवळी लव, पाठीवर पिवळी लव, आणि मधे काहीच नाही. लाल, सुरकुतलेली, उघडीवाघडी मान.

"बोडकी," मी म्हटलं.

तेक्लानं आपल्या पोलक्यावर हात ठेवला, त्या दोन गप्प अंड्यांवर. चेहरा रडवेला आणि तोंडावर हसू, काय करावं ते तिला कळेना. मग ती माझ्या गळ्याकडे झुकली आणि त्या काळोखात, फादर ऐकत असताना, हळूच म्हणाली, "आलीस गं आई?"