पंचनाम्यातलं मशीन

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मात्र विचारू नका — माझं मलाच नीट कळत नाही.

केंद्र सरकारच्या कर खात्यात माझी सगळी नोकरी झाली, तीही सोलापुरात, वसुलीच्या कामावर. कर थकला, नोटिशीला दाद दिली नाही, की आम्ही जप्तीला जायचो. लोकांना वाटतं, सरकार घरातली सुईसुद्धा सोडत नाही. खोटं आहे. कायद्यातच सूट आहे — अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि कारागिराची हत्यारं. त्यांना हात लावता येत नाही. खात्याच्या परीक्षेत मला नेमका हाच प्रश्न आला होता. पैकीच्या पैकी मार्क पडले होते.

अंबादास शाळेचे गणवेश शिवायचा. त्याच्या शेठनं धंद्याची नोंदणी याच्या नावावर केली, कर बुडवला आणि गाव सोडलं. थकबाकीदार ठरला अंबादास. आम्ही त्याच्या घरी पोचलो. टीव्ही, कपाट आणि खिडकीपाशी शिलाई मशीन — एवढाच संसार.

कपाटावर काय आहे बघायला मी हात वर केला, तर अंबादास म्हणाला, "साहेब, काखेत उसवलंय वो. काढून द्या की, दोन टाके मारतो." अगदी चांगल्या मनानं म्हणाला. पण दारात गल्ली जमली होती. बायका हसल्या. माझा शिपाईही हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्याशा गोष्टीनं? हो, एवढ्याशाच.

मी मशीन यादीत घेतलं.

"मिशन बी न्यावं लागतंय का वो? त्याच्यावरच पोट हाय आमचं."

कायदा ठाऊक असलेला त्या घरात मी एकटाच होतो. मी म्हणालो, "कायदाच आहे तसा."

रागाच्या भरात झालं म्हणू? मग पंचनाम्यात 'विक्रीसाठी ठेवलेलं जुनं यंत्र' असं शांतपणे कुणी लिहिलं? मीच. हरकतीचा अर्ज करता येतो, तेही सांगितलं नाही. सूर्यास्तानंतर जप्ती करता येत नाही म्हणून घाई मात्र केली — तो नियम बरा पाळला! लिलावात मशीन भंगाराच्या भावानं गेलं. सरकारचं त्यात काय भरून निघालं? काही नाही. लाज वाटते मला, पण ती आत्ता वाटून काय उपयोग?

अंबादास आता एका मंगल कार्यालयाच्या गेटवर वॉचमन आहे. पुतण्याच्या लग्नाला गेलो तेव्हा त्यानं मला ओळखलं. उठून उभा राहिला. मी तोंड उघडायच्या आत त्यानंच माझी समजूत घातली — "मनाला लावून घिऊ नका वो साहेब. कायद्याफुडं तुमी तरी काय करनार?"

मी मान डोलावली. आत गेलो आणि पोटभर जेवलो.