पाच वर्षांचा मनाई हुकूम

अमडापुरात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरायचं काम मी ज्या काकांकडे शिकलो, त्यांचं दुकान पुढे मीच विकत घेतलं. काकूंच्या आजारपणापायी ते विकायला निघाले होते. गरज त्यांची होती, म्हणून अट मी घातली. दुकान नावासकट माझं, आणि पाच वर्षं त्यांनी तालुक्यात हा धंदा करायचा नाही. काकांनी करारनामा न वाचताच सही केली.

"तू लिवून आणलं ना बे, मंग वाचू कायले?"

काकू चार महिन्यांत गेल्या. तेरवी झाली आणि काका रिकाम्या घरात बसून राहिले. मग एक ओळखीचा शेतकरी जळालेली मोटार घेऊन त्यांच्या ओसरीवर गेला. पाठोपाठ दुसरा. माझ्या हातची मोटार हंगामभर टिकत नसे, त्यांच्या हातची टिकायची. हे मलाही माहीत होतं.

घरी जाऊन बोललो असतो तर ते थांबले असते. मी गेलो नाही. पुरावा हवा म्हणून मेव्हण्याला जळकी मोटार देऊन त्यांच्याकडे पाठवलं. काकांनी ती भरून दिली, वर त्याला जेवूनच जा म्हणाले. तो जेवून आला आणि मी चिखलीच्या कोर्टात दावा टाकला.

न्यायाधीशांनी विचारलं, नुकसानभरपाई घेऊन मिटवता का? काका लगेच हो म्हणाले. मी नाही म्हणालो. मला पैसे नको होते, त्यांचा हात थांबायला हवा होता. तेच माझ्या वकिलानं बऱ्या शब्दांत मांडलं: तुटलेल्या गिऱ्हाइकाची किंमत पैशात करता येत नाही. मनाई हुकूम मिळाला.

कोर्टाच्या पायरीवर काका म्हणाले, "घरी येऊन सांगतलं असतं तं म्या काम ठेवून देलं असतं. काऊन नाई आला?"

मी गाडीला किक मारली.

त्यानंतर कुणी मोटार घेऊन गेलं की काका आतून कडी लावत. लोक त्यांनाच माजोरी म्हणू लागले. मी ते ऐकायचो आणि खोडून काढायचो नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी ते दुकानाशी आले. आत आले नाहीत, बाहेर उन्हातच उभे राहिले.

"घरचा पंखा जळला, शेठ. मायाच हाय, कोनाचा नाई. म्या भरला तं चालन का? कोर्टाचं काई होनार नाई ना?"

हुकूम धंद्यापुरता होता. घरच्या पंख्याला कुणाची मनाई नव्हती, हे मला चांगलं ठाऊक होतं.

"वकिलाले विचारा लागन," मी म्हणालो.

"हाव, विचारून सांगजा."

ते आणखी दोनदा आले. दोन्ही वेळा मी वकील भेटले नाहीत म्हणून सांगितलं. तासाभराचं काम होतं. वैशाखभर ते ओसरीवर डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून बसलेले दिसायचे. शेवटी मुलगी येऊन त्यांना जळगाव जामोदला घेऊन गेली. जाताना तिनं रस्त्यावरूनच मला विचारलं, "भाऊ, वकील काय म्हनले?"

मी वकिलाला विचारलंच नव्हतं. तिलाही तसं सांगितलं नाही.