चाकामागचा दगड

आजवर ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बहिणीपुढे नाही, देवापुढेही नाही — देवापुढे मी इतर गोष्टी मागत राहिले. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही.

आमचं घर शिनोलीत, भीमाशंकरच्या रस्त्याला लागून. ह्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, तेव्हा जीप होती. यात्रेकरूंना वर न्यायची आणि खाली आणायची. श्रावणात जीप संध्याकाळी परतायची ती तांबड्या चिखलाने माखून, आणि सकाळच्या फेरीआधी ती धुवायचं काम माझं. मला ते आवडायचं. मी कामं नीट लावणारी बाई आहे. डाळीचे डबे, बियाण्याच्या पिशव्या, पाहुण्यांची अंथरुणं — काय कुठे आहे ते मला विचारायचं, असं आमच्याकडे ठरूनच गेलेलं.

गाडी धुताना खरा त्रास पाइपचा असतो. तुम्ही धुतली असेल तर माहीत असेल. पाइप ओढत गाडीभोवती फिरलं की तो टायर आणि जमीन यांच्या फटीत शिरतो आणि पाचरीसारखा बसतो. ओढावा तितका घट्ट. मग हातातलं सोडा, वळसा घाला, वाका, सोडवा — आणि पुढच्या चाकाला पुन्हा तेच. मी त्यावर उपाय काढला होता. ठिबकच्या कामातून उरलेल्या जाड पाइपचे हातभर तुकडे कापले आणि प्रत्येक चाकाशी, फट बुजेल असे, आडवे सारून ठेवले. रबरी पाइप त्यांच्यावरून सरकून जायचा. शेजारच्या बायका बघायला यायच्या. अजूनही कुणी विचारलं तर मी हे सगळं हौसेने सांगते. इथपर्यंतच सांगते.

कारण एका चाकाशी तो तुकडा बसत नसे. मागच्या, डाव्या. तिथे दगड असायचा.

आमचं अंगण रस्त्याकडे उतरतं आहे. जीप जुनी, हँडब्रेक ढिला. हे गाडी गिअरमध्ये टाकून ठेवत नसत; चाकामागे दगड लावला की झालं. घाटातले पुष्कळ ड्रायव्हर तसंच करतात. गाडीतून उतरायचं, पायाने दगड सरकवायचा, मग चप्पल काढायची — इतकी ती हाताची, नव्हे पायाची सवय.

त्या सकाळी पाइप दगड आणि टायर यांच्यामध्ये अडकला. मी ओढला. सुटेना. भाकरी तव्यावर टाकायची होती, प्रवासी घोडेगावात थांबले होते, आणि पाइप सुटेना. मी काय केलं असेल? तुम्हाला कळलंच असेल. मी दगड काढला. नळाजवळच्या भिंतीकडे ढकलला. पाइप सुटला, गाडी धुऊन झाली, मी पाइपची गुंडाळी करून खुंटीला लावली, चाकांशी सारलेले पाइपचे तुकडे गोळा करून जागेवर ठेवले. सगळं जागेवर ठेवलं. दगड सोडून.

गाडी लगेच हलली असती तर? तर बरं झालं असतं. पण हँडब्रेकने ती तेवढा वेळ धरून ठेवली. मी आत गेले. सासूबाई खाली फाटकाशी पोतं अंथरून शेंगा निवडत बसल्या होत्या. हे टपावरची ताडपत्री बांधायला मागच्या पायरीवर चढले, दोर ओढला, गाडीला हिसका बसला.

मी बाहेर आले ती ओरडण्याने. जीप फाटकाच्या खांबाला टेकली होती आणि मध्ये सासूबाईंचा पाय होता.

माणसं धावली, गाडी पुढे लोटली, त्यांना उचलून ओट्यावर निजवलं. दुसरी गाडी येईपर्यंत सगळे तिथेच उभे. हे नुसते चाकाकडे बघत होते. "म्या दगड लावला व्हता," म्हणाले. "लावलाच व्हता."

"मग काय पाखरू व्हऊन उडाला का?" चुलत दीर म्हणाला.

आणि मग ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. भरवशाने. "आगं, तू धूत व्हतीस. तुला दिसला आसंल. व्हता का न्हाई?"

दगड भिंतीशी पडलेला होता. माझ्यापासून चार पावलांवर. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"न्हाई दिसला," मी म्हणाले.

घाबरले होते का? हो. पण घाबरलेलं माणूस रडतं, गप्प राहतं. मी नीट, स्पष्ट आवाजात उत्तर दिलं. आणि ह्यांनी ते तिथल्या तिथे मान्य केलं — कारण माझ्या ध्यानातून काही सुटत नाही, हे त्यांनाच सगळ्यांत जास्त माहीत.

सासूबाई पुढे काठी घेऊन चालल्या. मरेपर्यंत त्या मुलाची बाजू घेत राहिल्या. "त्याला काय बोलू नगा. व्हतं येखाद्या येळंस," म्हणायच्या. मी त्यांच्या पायाला तेल लावत असायचे तेव्हा.

गावाला मात्र गंमत सापडली. लग्नात हे दिसले की कुणीतरी ओरडणारच, "या पावणं! बसा, पण आदी बुडाखाली दगड लावा राव!" लोक हसायचे. हेही हसायचे. एकदा तर मीसुद्धा हसले.

ह्यांनी जीप विकली. "माझा मलाच भरवसा न्हाई, दुसऱ्याची लेकरं कशी बसवू?" म्हणाले. घाटात कधी गाडी खरचटू न दिलेला माणूस. आता शेतात असतात. पाण्याची मोटार बंद केली का, हे बघायला अर्ध्या वाटेतून माघारी जातात. कुलूप लावतात, ओढून बघतात, फाटकापर्यंत येतात, परत जातात. मंचरच्या बाजारातून फोन करतात — "म्या गॅस बंद केला व्हता का गं?" आणि मी सांगते, हो, केला होता. दाराच्या आतल्या बाजूला मी त्यांच्यासाठी चिठ्ठी चिकटवली आहे: गॅस, मोटार, कुलूप. येणारे-जाणारे ती वाचून माझं कौतुक करतात. ह्यांना सांभाळते म्हणून.

वाटेत सांगायला जागा नव्हत्या का? पुष्कळ होत्या. सासूबाई गेल्या तेव्हा. जीप विकायच्या आदल्या दिवशी. प्रत्येक फोनला एक.

गेल्या महिन्यात हे म्हणाले, डोक्याच्या डॉक्टरला दाखवू. त्यांना वाटतं, विसरण्याचा आजार आहे आणि तो वाढतो आहे. रात्रभर झोप नाही. "पुढं तुलाबी वळखणार न्हाई मी," म्हणाले. आम्ही पुण्याला गेलो. डॉक्टर बाई तरुण, शांत. आकडे विचारले, चित्रं काढायला लावली. ह्यांनी सगळं बरोबर सांगितलं. मग त्यांनी विचारलं, हे सुरू कधी झालं?

"आईच्या पायाव गाडी गेली त्या दिवशी," हे म्हणाले. "दगड लावला आसं मला अजून सपष्ट दिसतंय, डाक्टर. पायानं सारताना दिसतंय. पण लावलाच नव्हता. त्याच्या आदी माझं कायबी इसरत नव्हतं." आणि माझ्याकडे वळले. "हिला इचारा. हिच्या समदं ध्यानात आसतं."

डॉक्टरांनी पेन धरून माझ्याकडे पाहिलं. खोलीत आम्ही तिघंच. बाहेर ना गाव, ना दीर, ना कुणी हसणारं.

"हो," मी म्हणाले. "त्याच दिवसापासून."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि गोळी सुरू केली. सकाळी, न्याहारीनंतर. ती मीच देते. हे न बघता हात पुढे करतात, मी तळव्यावर ठेवते, आणि ते गिळतात.